टोपीकरांच्या जुन्या बंदुका आणि आपली पारख

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी एखादा इतिहासविषयक लेख असावा, असा प्रघात आहे. त्यास अनुसरून यंदाचा हा लेख आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. यंदाच्या लेखास मात्र एक कारण घडले, व ते कारण आमच्याच एका चुकीचे आहे. म्हणून आरंभीच ती चूक कबूल करणे आम्हांस उचित वाटते.

काही वर्षांपूर्वी याच स्मरणिकेत आम्ही एका बंदुकीचे छायाचित्र छापले होते. आपले एक वयोवृद्ध ज्ञातिबंधू कोकणातील मूळ घर सोडून चिरंजीवांकडे नया नगर येथे राहावयास आले, तेव्हा घराच्या माळ्यावरील एक जुनी ठासणीची बंदूक त्यांनी सोबत आणली होती. त्यांस सर्वजण अण्णा म्हणतात, म्हणून आम्हीही येथे तसेच म्हणू. ‘वसईच्या मोहिमेत आमच्या पूर्वजांच्या खांद्यावर हीच बंदूक होती,’ असे अण्णांनी सांगितले. आम्ही ते जसेच्या तसे छापले. कोणी विचारले नाही, व आम्हीही शहानिशा केली नाही. ज्ञातीच्या अभिमानाची गोष्ट आली की विचारण्याची सवय आपोआप सुटते, हा अनुभव वाचकांसही असेल.

यंदा ती बंदूक पुन्हा हाती घेण्याचा योग आला. काय आढळले ते लेखाच्या अखेरीस सांगू. तत्पूर्वी एका मोठ्या प्रश्नाकडे वळणे आवश्यक आहे. परक्यांनी वापरून टाकलेले हत्यार विकत घेताना आपल्या पूर्वजांनी त्याची पारख कशी केली असेल? आणि ती पारख चुकली तर काय घडत असे?

आपल्या भूमीचा वारसा

आज नया नगरच्या इमारतींच्या गर्दीत उभे राहून पाहिले तर येथे एके काळी केवळ खाजण व मिठागरे होती, हे खरे वाटणार नाही. परंतु या वस्तीच्या सभोवतालचा मुलूख इतिहासाने भरलेला आहे. ईशान्येस वसईच्या खाडीवर घोडबंदरचा किल्ला आहे. या बंदरात घोड्यांचा व्यापार चाले म्हणून त्यास हे नाव पडले, असे सांगतात. पश्चिमेस भाईंदरपलीकडे धारावीचे ठाणे, आणि खाडीच्या पैलतीरी वसईचा कोट. पोर्तुगीजांच्या ‘उत्तर प्रांता’चे हे मर्मस्थान होते.

इ. स. १७३७ मध्ये मराठ्यांनी या मुलखात मोहीम उघडली. ठाणे पडले, घोडबंदर पडले. धारावीच्या उंचवट्यासाठी मात्र पुन:पुन्हा झुंज झाली, कारण तेथून खाडीच्या मुखावर व वसईच्या रसदेवर नजर ठेवता येत असे. इ. स. १७३९ मध्ये धारावी कायमची हाती आली, आणि त्याच वर्षी मे महिन्यात चिमाजी अप्पांपुढे वसईने शरणागती पत्करली. सुरुंग लावून बुरूज उडविण्याचे ते भयंकर दिवस मराठी वाचकांस परिचित आहेत.

त्या वेढ्यातील एक लहानशी हकिकत आमच्या विषयाशी जवळची आहे. वेढा आवळत गेला तेव्हा वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांपाशी द्रव्य उरले नाही. त्यांनी मुंबईच्या इंग्रजांकडे कर्ज मागितले. इंग्रजांनी पंधरा हजार रुपये दिले, परंतु तारण म्हणून चर्चमधील चांदीची भांडी व काही पितळी तोफा घेतल्या. ज्या तोफांनी कोट राखावयाचा त्याच तोफा सावकाराकडे गहाण पडल्या. पितळ व कांसे यांस वजनावर किंमत येते. लोखंडी तोफ फुटली की ती केवळ मोड. म्हणजे तोफ हे जसे हत्यार होते तसेच ते रोकड धनही होते, आणि धनाची पारख करणारा माणूस पदरी असावाच लागतो.

वसईहून आणलेल्या घंटा आजही महाराष्ट्रातील देवळांत वाजतात. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील घंटेवर १७२१ हा सनही वाचता येतो. घंटा व तोफ या एकाच कुळीच्या. दोहोंचे ओतकाम सारखे, आणि दोहोंची परीक्षाही सारखीच, वाजवून पाहावयाची. तडा गेलेली घंटा बद्द वाजते, तडा गेलेली तोफही तशीच वाजते. घंटेच्या बाबतीत कान चुकला तर देवळाचा नाद बिघडतो. तोफेच्या बाबतीत कान चुकला तर गोलंदाज मरतो.

विकणारा आपली जुनी वस्तू का विकतो?

मराठ्यांस बंदुका व तोफा परक्यांकडून घ्याव्या लागल्या, ही गोष्ट शिवछत्रपतींच्या काळापासून दिसते. इ. स. १६६० मध्ये पन्हाळ्यास सिद्दी जौहराचा वेढा पडला असता राजापूरच्या इंग्रजांनी सिद्दीस दारूगोळ्याची मदत केली. महाराजांनी त्याचा हिशेब पुढील वर्षी, म्हणजे १६६१ मध्ये, राजापूरची वखार लुटून चुकता केला व हेन्री रेव्हिंग्टन आणि त्याचे सोबती कैदेत टाकले. परंतु त्यानंतरही तोफा हव्या असत तेव्हा टोपीकरांशीच बोलणे करावे लागे. इंग्रज मोगलांच्या धाकाने टाळाटाळ करीत. फ्रेंचांनी मात्र सुरतेहून ऐंशी तोफा व बंदुकांस पुरेल इतके शिसे महाराजांस विकल्याची नोंद इंग्रज इतिहासकार ऑर्म याने केली आहे.

रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त, म्हणजे इ. स. १७१६ च्या सुमारास, टोपीकरांविषयी जो इशारा दिला आहे तो सुप्रसिद्ध आहे. हे इतर सावकारांसारखे सावकार नव्हेत, यांच्या पाठीशी यांचे राजे आहेत, यांचे बळ आरमार, तोफा व दारू यांत आहे, तेव्हा यांस समुद्रकाठी पक्की जागा देऊ नये, असा त्याचा आशय आहे. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, ज्याचे बळ तोफेत आहे तो आपली उत्तम तोफ दुसऱ्यास विकणार नाही. तो विकील ती त्यास नकोशी झालेली.

‘धर्माची गाय अन् दात का नाय’ अशी म्हण आपल्याकडे आहे. दानात मिळालेल्या गाईचे दात पाहू नयेत हे ठीक. परंतु येथे गाय दानात मिळत नव्हती. रोख मोहरा मोजून ती विकत घ्यावयाची होती, आणि विकणारा उद्या शत्रू होण्याचा संभव होता.

युरोपीय फौजांत बंदुकीचे नमुने बदलत. इंग्रजांच्या चकमकीच्या बंदुकीची नळी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ४६ इंच होती, मग ती ४२ इंच झाली, आणि ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या फौजेसाठी ३९ इंचांची नळी पसंत केली. हाच आखूड नमुना पुढे ‘इंडिया पॅटर्न’ या नावाने खुद्द इंग्लंडच्या फौजेनेही स्वीकारला. नमुना बदलला की जुन्या बंदुका कोठीत पडून राहतात. शिवाय पलटणीत वर्षानुवर्षे कवायत करून, गज घासून, पावसात भिजून ज्या बंदुका झिजतात त्या काढून टाकाव्या लागतात. या दोन्ही प्रकारच्या बंदुकांस गिऱ्हाईक हवे असे, आणि हिंदुस्थानातील दरबार हे आयते गिऱ्हाईक होते. डॉ. सुरेंद्रनाथ सेन यांनी १९२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेवरील ग्रंथात तोफखान्याच्या बाबतीतील हे परावलंबन मराठ्यांच्या उणिवांत गणले आहे, ते योग्यच होय.

तोफेची पारख

त्या काळच्या तोफखान्यात जुनी तोफ घेण्यापूर्वी ती कशी तपासीत, हे येथे थोडक्यात सांगतो. ही रीत सर्व देशांत जवळपास सारखीच होती, कारण धातूचा स्वभाव सर्वत्र सारखाच असतो.

प्रथम तोफ उन्हात ठेवावयाची आणि आरसा धरून सूर्याचा कवडसा तिच्या पोटात सोडावयाचा. ढगाळ दिवस असेल तर काठीला मेणबत्ती बांधून ती आत सरकवीत. पोटात मधाच्या पोळ्यासारखी भोके दिसली तर ती तोफ वाईट. ओतकामात हवा कोंडल्याने किंवा गंजाने अशी भोके पडतात. मागील बाराची ठिणगी अशा भोकात दडून राहते, आणि पुढच्या बाराची दारू आत घालताच ती पेट घेते. ठासणाऱ्याचे हात त्या क्षणी तोंडाशी असतात. एवढ्यावरून हे भोक किती घातक, याची कल्पना येईल. भोकाची खोली पाहण्यासाठी लांब दांड्यास लवचीक आकडे लावलेले एक साधन असे. ते पोटातून ओढले की आकडा भोकात अडके, आणि आकड्यावर मेण लावले असेल तर त्यावर भोकाचा ठसाही उमटे.

दुसरी परीक्षा पाण्याची. काना बुजवून पोटात जोराने पाणी भरावयाचे व बाहेरून अंग पुसून पाहावयाचे. कोठे घाम फुटल्यासारखा ओलावा दिसला तर तेथे तडा आहे. तिसरी परीक्षा हातोड्याची. ठोका दिला असता स्वच्छ, लांबणारा नाद आला तर धातू सलग आहे. घोगरा आला तर नाही. चौथी परीक्षा कान्याची. ज्या भोकातून बत्ती दिली जाते ते भोक हजारो बारांनी रुंदावते. रुंद झालेल्या कान्यातून अर्धा जोर बाहेर जातो. कधी कधी पळणारी फौज आपल्या तोफांच्या कान्यांत खिळे ठोकून जाते. असा खिळा काढून पुन्हा भोक पाडलेली तोफ असेल तर तिच्यावर विशेष नजर ठेवावी लागे.

इ. स. १७७९ च्या जानेवारीत पुण्यावर चालून आलेले इंग्रज तळेगावाहून परत फिरले, तेव्हा त्यांनी आपल्या जड तोफा तेथील तळ्यात ढकलल्या. काही दिवसांतच वडगावचा तह झाला. आपली तोफ शत्रूच्या हाती धड अवस्थेत पडू नये, याची चिंता इंग्रजांस पराभवातही होती. तीच तोफ विकावयाची झाली तर ते किती काळजी घेत असतील, याचा विचार वाचकांनीच करावा.

पाचवी व शेवटची परीक्षा म्हणजे नेहमीपेक्षा अधिक दारू भरून, माणसे दूर आडोशाला ठेवून बार काढणे. या परीक्षेस विकणारा सहसा राजी नसे, आणि ज्यास राजी नसे तो माल का घ्यावा, हेही कळून येई.

बंदुकीची पारख

तोफ एक असते, बंदुका शेकड्यांनी घ्याव्या लागतात. म्हणून बंदुकीची पारख अधिक कंटाळवाणी व अधिक फसवी होती.

नळीत गज सोडावयाचा. तळाशी आदळून तो खणखणीत वाजला व किंचित उसळला तर नळी स्वच्छ. धप्प वाजला तर आत मळ किंवा गंज आहे. मग तोंड पाहावयाचे. लोखंडी गज वर्षानुवर्षे घासला की नळीचे तोंड एका बाजूस झिजते आणि गोळी वाकडी जाते. नळी सरळ आहे की नाही हे ताणलेल्या दोऱ्याने किंवा नळीच्या आत पडणाऱ्या सावलीच्या रेषेवरून कळते. तळाशी, जेथे दारू पेटते, तेथे लोखंड किती जाड उरले आहे हे सर्वांत महत्त्वाचे. दारूची राख हवेतील ओलावा ओढते, आणि कोकणच्या खाऱ्या दमट हवेत एक पावसाळा दुर्लक्ष झाले तरी नळी आतून खाल्ली जाते. बाहेरून विटकरीने घासून चकचकीत केलेली नळी आतून पोखरलेली असू शकते. किंबहुना फार चकचकीत नळीचाच संशय अधिक घ्यावा, कारण प्रत्येक घासणीत लोखंडाचा एक पापुद्रा जातो.

यानंतर चकमकीचा साचा. घोडा अर्धा ओढून ठेवला असता तो तेथेच थांबला पाहिजे. हिसका देताच निसटला तर ती बंदूक शत्रूपेक्षा शेजाऱ्यास अधिक धोक्याची. गार ज्या पोलादी पत्र्यावर आपटते त्याचा वरचा कठीण थर झिजला की ठिणगी पडत नाही. अशा बंदुकीचा घोडा पडतो, आवाज होतो, पण बार उडत नाही. कमान सैल असेल तर तेच. शेवटी दस्ता पाहावयाचा. मुठीजवळ तो बारीक असतो व तेथेच तडकतो. तडा मेणाने व रंगाने बुजविता येतो, म्हणून तो नखाने खरवडून पाहावा. आमच्या हवेत लाकडास कीड लागते, ती निराळीच.

एवढे झाले तरी घाऊक खरेदीतील मोठा प्रश्न उरतोच. निरनिराळ्या पलटणींतून, निरनिराळ्या देशांतून आलेल्या बंदुका एकाच राशीत असल्या तर त्यांच्या नळ्यांचे व्यास जुळत नाहीत. कंपनीच्या बंदुकीचा व्यास पाऊण इंच. दुसरीचा त्याहून कमी. एकीची गोळी दुसरीत शिरत नाही, किंवा शिरली तर सैल राहते. अशी राशीची रास स्वस्तात घेणाऱ्यास बंदुका मिळतात, परंतु पलटण मिळत नाही. म्हणून शहाणा माणूस विकणाऱ्याने पुढे केलेला नमुना पाहून राशीचा सौदा करीत नाही. राशीच्या तळातील चार बंदुका स्वत: उपसून काढतो.

आणि विकत घेतल्यानंतर? त्यासाठी पुन्हा आज्ञापत्राकडेच वळावे. पावसाळ्यात तोफांस तेल-मेण द्यावे, कान मेणाने बुजवावेत, वर आच्छादन घालावे. दारू, बाण यांची आठ-पंधरा दिवसांनी तपासणी करून त्यांस ऊन द्यावे व पुन्हा मोहर करून ठेवावे, असा बारीक तपशील त्यात आहे. हा मजकूर लिहिणाऱ्यास गंजाची किंमत ठाऊक होती, यात शंका नाही.

स्वत:चे हत्यार

परावलंबनाचे औषध स्वत:चा कारखाना हेच होते, आणि ते मराठ्यांस सुचले नाही असे नव्हे. महादजी शिंदे यांनी डी बॉयन याच्या हाताखाली कवायती पलटणी उभ्या केल्या, तेव्हा आग्र्यास सँगस्टर नावाच्या स्कॉच कारागिराने तोफा ओतल्या व बंदुका बनविल्या. तेथील बंदूक अवघ्या दहा रुपयांस पडे, आणि ती युरोपीय बंदुकीच्या तोडीची होती असे समकालीन सांगतात. इ. स. १८०३ च्या २३ सप्टेंबरला असईच्या रणांगणावर वेलस्लीच्या हाती नव्वदांहून अधिक तोफा लागल्या. त्यांतील पितळी तोफांची त्याने प्रशंसाच केली.

याच्या उलट चित्र इ. स. १७९०-९१ मधील धारवाडच्या वेढ्यात दिसते. परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेसोबत असलेला इंग्रज अधिकारी एडवर्ड मूर याने तेथील तोफखान्याचे वर्णन लिहून ठेवले आहे. एक बार भरावा, मग सर्वांनी बसून हुक्का ओढीत अर्धा तास गप्पा माराव्या, मग तो बार सोडावा, आणि धूळ बरी उडाली तर समाधान मानावे, असे ते वर्णन आहे. परक्याच्या लेखणीत थोडी टिंगल असणारच. तथापि जुन्यापुराण्या तोफा असल्या की त्या थंड होऊ देण्यासाठीही वेळ द्यावा लागतो, हे मूरने लक्षात घेतले असेल किंवा नसेल. आम्हांस एवढेच म्हणावयाचे आहे की, वाईट हत्यार माणसास वाईट सवयी लावते.

परंतु असईचा धडा याहून कठीण आहे. तेथे हत्यारे चांगली होती. पलटणींचे अनेक युरोपीय अधिकारी मात्र लढाईपूर्वीच नोकरी सोडून गेले होते. तोफ घरची झाली, पण तिचा सरदार भाड्याचाच राहिला. हत्यार पारखणे सोपे व माणूस पारखणे अवघड, हे त्यावरून दिसून येते.

जुनी बंदूक कोणाच्या वाट्यास?

इ. स. १८१८ नंतर मराठे गिऱ्हाईक राहिले नाहीत, शिपाई झाले. परंतु जुन्या बंदुकीने त्यांची पाठ सोडली नाही. १८५७ च्या उठावात एनफील्ड रायफलीच्या काडतुसाने जो वणवा पेटला तो सर्वांस माहीत आहे. त्यानंतर सरकारने हिंदी शिपायांस जी एनफील्ड दिली तिच्या नळीतील आटे काढून ती गुळगुळीत केली होती. गोऱ्या शिपायाची बंदूक दूर व अचूक मारी, हिंदी शिपायाची तशी मारू नये ही योजना. पुढे गोऱ्यांस मागून भरण्याची स्नायडर मिळाली, तेव्हा हिंदी शिपायापाशी ठासणीचीच होती. गोऱ्यांस मार्टिनी-हेन्री मिळाली, तेव्हा स्नायडर खाली उतरली. एक पिढी मागची बंदूक हा एतद्देशीयांचा वाटा ठरून गेला. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने तर सामान्य रयतेच्या घरातील हत्यारही परवान्याखाली आणले.

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न संपला असे वाटणे साहजिक आहे. इशापूरच्या कारखान्यात आपल्या देशाच्या रायफली तयार होऊ लागल्या होत्याच. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना तर १८६९ पासूनचा. तरीही २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर स्वयंचलित बंदुका घेतलेल्या मारेकऱ्यांसमोर आपल्या काही पोलिसांच्या हाती जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली होत्या, आणि पुष्कळांच्या हाती केवळ काठी. मीरा रोडहून रोज त्याच स्थानकाकडे जाणाऱ्या आपल्या किती कुटुंबांनी ती रात्र घरच्या माणसाची वाट पाहत काढली, हे येथे लिहावयास नको. जुने हत्यार ही केवळ संग्रहालयाची गोष्ट नाही. ते कोणाच्या हाती दिले आहे आणि कोणासमोर, हा जिवाचा प्रश्न आहे.

अण्णांची बंदूक

आता मूळ बंदुकीकडे येतो. अण्णांच्या शेजारी एक वृद्ध कारागीर राहतात. त्यांचे सारे आयुष्य लेथवर लोखंड कातण्यात गेले. नया नगरात सर्व त्यांस चाचा म्हणतात. अण्णांनीच त्यांस बोलाविले. चाचांनी चष्मा पुसला, नळी दोऱ्याने टांगली, किल्लीने हलकेच ठोका दिला व कान लावून ऐकले. ‘नळी तुटलेली नाही, पण तळाशी लोखंड राहिले नाही,’ ते म्हणाले. मग त्यांनी तोंडाशी बोट फिरविले. ‘ही पुढून कापली आहे. करवतीची रेघ आहे.’ मोजली तेव्हा नळी चौतीस इंचांची भरली. कान्याचे भोक इतके रुंद होते की त्यात काडेपेटीची काडी सहज गेली. साच्याची कमान मेलेली होती.

आम्ही साच्यावरील काळा थर तेलाच्या फडक्याने पुसला. खाली एक लहानसे चिन्ह उमटले. मागील पायांवर उभा राहिलेला सिंह.

हे चिन्ह ईस्ट इंडिया कंपनीचे. पूर्वी कंपनीच्या बंदुकांवर हृदयाच्या आकाराचे चिन्ह असे. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते जाऊन हा सिंह आला. म्हणजे वसई पडली त्यानंतर सुमारे सत्तर वर्षांनी ही बंदूक घडली. ती चिमाजी अप्पांच्या मोहिमेत असणे शक्य नाही. कंपनीच्या फौजेने वापरून झिजविलेली, काढून टाकलेली, मग कोणीतरी झिजलेले तोंड कापून शेताच्या राखणीसाठी घेतलेली, अशी तिची कुळकथा दिसते. जी टाकाऊ बंदूक पारखण्याविषयी आम्ही इतका वेळ लिहिले, तशीच एक आपल्या ज्ञातीच्या घरात शंभर-दीडशे वर्षे पूज्य होऊन बसली होती.

असे प्रकार मोठ्या ठिकाणीही होतात. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात गाड्यांवर बसविलेल्या दोन तोफा आहेत. पाहुण्यांस त्या आंग्र्यांच्या म्हणून दाखविल्या जातात. त्यांवर यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्याचे नाव व १८४९ हा सन आहे. आंग्र्यांचे संस्थान तर १८४० च्या सुमारासच खालसा झाले होते. सन तोफेवरच कोरलेला आहे. वाचण्याचे कष्ट तेवढे घ्यावयास हवेत.

अण्णांस हे सांगावे की न सांगावे, यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. वय नव्वदीच्या घरात. ही बंदूक म्हणजे त्यांच्या घराण्याचा मान. ‘राहू द्या, कोणाचे काय बिघडते?’ असे म्हणणारे होते, आणि त्यांचे म्हणणे निष्ठुर नव्हते. परंतु चूक आमच्या स्मरणिकेत छापली गेली होती. उद्या आपल्या मुलांनी ती वाचून शाळेत सांगितली, आणि कोणी जाणत्याने सिंह दाखविला, तर अण्णांच्या खऱ्या गोष्टीही खोट्यात जमा झाल्या असत्या. म्हणून आम्ही सांगितले.

अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, ‘म्हणजे माझे आजोबा खोटे बोलले?’

‘नाही, अण्णा,’ आम्ही म्हणालो. ‘त्यांनी जे ऐकले तेच तुम्हांस सांगितले. बंदूक वसईची नाही, एवढेच आम्ही म्हणतो. तुमचे पूर्वज वसईस नव्हते असे आम्ही म्हटलेले नाही.’

त्यावर ते म्हणाले, ‘मग छापा. पण आता नीट शोधा. बंदुकीवर नको, कागदांवर शोधा.’

त्या शोधास आम्ही आरंभ केला आहे. घराण्याच्या जुन्या बस्त्यांतील मोडी कागद वाचून घेण्याचे काम चालू आहे, व जे निघेल ते, गौरवाचे असो वा नसो, याच पानांवर येईल.

ज्ञातिबांधवांस आमची विनंती आहे की, आपल्या घरी अशी जुनी हत्यारे असतील तर दोन गोष्टी कराव्यात. पहिली ही की, ती कायद्यात बसतात की नाही याची जवळच्या पोलीस ठाण्यात चौकशी करावी. १९५९ च्या शस्त्र अधिनियमातून जुन्या नमुन्याची वा पुराणवस्तू म्हणून मोल असलेली, तसेच दुरुस्त करूनही चालविता न येणारी नादुरुस्त हत्यारे वगळलेली आहेत. परंतु आपले हत्यार त्यात बसते की नाही हे आपणच ठरवू नये. बार उडविण्याचा मोह तर मुळीच धरू नये, कारण तळाशी लोखंड उरले नाही हे बाहेरून दिसत नाही. दुसरी गोष्ट ही की, त्यांवरील अक्षरे, आकडे व चिन्हे घासून काढू नयेत. त्यांचे छायाचित्र आम्हांकडे पाठवावे. चकाकी आणण्याच्या भरात इतिहास पुसला जातो.

अण्णांची बंदूक पुन्हा त्यांच्या भिंतीवर आहे. चाचांनी तीस तेल-मेण दिले, आणि खाली एक लहानशी चिठ्ठी लाविली आहे. तीवर लिहिले आहे: ‘कंपनीची बंदूक, एकोणिसावे शतक. आमच्या घराण्याने शेताच्या राखणीस वापरली.’ येणाऱ्या-जाणाऱ्यास अण्णा स्वत: ती चिठ्ठी वाचून दाखवितात, आणि साच्यावरचा सिंह कोठे आहे तेही.